रिकाम्या लहरींची वांटणी

बिनतारी यंत्रांस लागणाऱ्या लहरींचा प्रदेश डोळ्यांना दिसत नाहीं. तथापि जमिनीप्रमाणें त्याचीही मोजणी होते, वाफे पाडले जातात व ते सरकारी परवान्यानें वांटले जातात. अशा एकेका वाफ्यास चॅनेल म्हणतात. परवानाधारकानें आपला वाफा पेरला काय किंवा पडीक टाकला काय, दुसऱ्यानें तेथें पाऊल ठेवूं नये, अशी जुनी रीत.

या रीतीनें किती पडीक राहतें? २०१४ सालीं मुंबईच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनीं दूरदर्शनच्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या टापूचा हिशेब मांडला. १५ चॅनेलांपैकीं किमान १२ चॅनेलें देशांत जवळजवळ सर्वत्र रिकामीं आढळलीं. पुढें पालघर जिल्ह्यांत याच लहरींवरून खेड्यांना इंटरनेट पोंचविण्याचा प्रयोगही झाला.

मोकळी जागा स्वतः हुडकून तेवढ्यापुरती वापरणारें यंत्र म्हणजे ‘कॉग्निटिव्ह रेडिओ’. ही कल्पना जोसेफ मिटोला व जेराल्ड मॅग्वायर यांनीं १९९९ सालीं मांडली. या यंत्राचा पहिला धर्म असा कीं, मूळ धनी परततांच जागा सोडावी. परंतु धन्याची चाहूल लागणें सोपें नसतें. मध्यें डोंगर आला तर चालू चॅनेलही रिकामें भासतें. म्हणून केवळ कानांवर न विसंबतां परवान्यांची नोंदवहीही पाहावी लागते.

खरी कसोटी पुढेंच आहे. समजा, अ, ब व क हीं गांवें इतकीं जवळ आहेत कीं, दोघांनीं एकच चॅनेल घेतल्यास कोणाचेंच बोलणें कळणार नाहीं. अ पाशीं पहिलें, दुसरें व तिसरें हीं चॅनेलें मोकळीं आहेत. ब पाशीं पहिलें व दुसरें. क पाशीं मात्र पहिलें एकच. प्रथम आलेल्या अ नें पहिलें उचललें, तर ब चें भागेल, पण क कोरडा राहील. उलट, ज्याला निवड सर्वांत थोडी त्याला आधीं विचारलें, तर क ला पहिलें, ब ला दुसरें व अ ला तिसरें मिळून तिघांचेंही काम होतें.

गांवें ५० झालीं, तर तीन चॅनेलांच्याच मांडण्यांची संख्या २४ आंकडी होते. त्या सर्व तपासणें अशक्य. म्हणून पुरेशी चांगली मांडणी चटकन् देणारे नियम योजतात.

पण चांगली कशास म्हणावें? एकूण संदेश जास्तींत जास्त जावे, एवढेंच पाहिलें, तर सोयीच्या जागीं असलेल्यांस भरपूर मिळतें आणि आडबाजूचें गांव उपाशी राहतें. सर्वांत मागें पडलेल्याला अधिकांत अधिक मिळावें असें ठरविलें, तर एकूण बेरीज थोडी घटते. गणित दोन्ही उत्तरें तितक्याच प्रामाणिकपणें काढून देतें. त्यांतलें कोणतें पत्करावें, तें माणसांनींच ठरवावयाचें असतें. ज्या पडीक वाफ्याची आठवण दूरच्या खेड्यांसाठीं झाली, त्याच्या वांटणींत तें खेडें शेवटीं राहूं नये, हाच न्याय होय.