'काही होत नाही' असं सांगू नका

(मंगरूळपीर इथे रक्तदान शिबिराच्या आठ दिवस आधी, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसमोर केलेलं भाषण)



आयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय सांगितला, 'रक्तदानाचं महत्त्व'. मी म्हणालो, त्यावर शाळेत सगळ्यांचे निबंध लिहून झालेत. मला बोलवायचंच असेल तर रक्त देण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतर धावायचं की नाही, यावर बोलतो. ते जरा थांबले. मग म्हणाले, सर, एवढ्याशा गोष्टीवर भाषण? हो, एवढ्याशाच गोष्टीवर. त्याला कारण आहे, ते आधी सांगतो.

मी खेळाचा शिक्षक. सकाळी साडेपाचला मैदानावर भरतीच्या मुलांना पळवतो. समोर बसलेल्यांत रोजचे पाच-सहा चेहरे दिसतायत, रोज उशिरा येणारे दोघंही दिसतायत. काही वर्षांपूर्वी असंच एक शिबिर होतं. मे महिना. आमच्या गटातल्या एका मुलानं मला विचारलं, "सर, खून दिया तो दौड़ पे असर तो नहीं पड़ता?" मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, काही होत नाही रे, दे बिनधास्त.

त्यानं दुपारी रक्त दिलं. संध्याकाळी पोरांसोबत क्रिकेट खेळला. उन्हानं भूक नव्हती म्हणून रात्री अर्धी भाकरी खाऊन झोपला. आणि सकाळी माझ्याच शिट्टीवर 1600 मीटरला उभा राहिला. तिसऱ्या फेरीत त्याचे पाय वाकडे पडायला लागले, मी हाक मारेपर्यंत तो तोंडावर पडला. हनुवटी फुटली, तीन टाके पडले. दुपारपर्यंत तो ठणठणीत होता. पण मोहल्ल्यात गोष्ट पसरली ती अशी, की रक्त काढलं म्हणून पोरगा पडला. त्याच्या अम्मी माझ्या घरी आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, आपने तो बोला था कुछ नहीं होता."

पुढच्या वर्षी त्या गल्लीतून एकही नाव आलं नाही. त्या गल्लीला अडाणी म्हणायची मला हिंमत झाली नाही. चूक माझी होती. रक्त दिल्यावर काहीतरी होतं. ते काय होतं आणि किती दिवस टिकतं, हे मी त्याला सांगायला हवं होतं.

साठ किलोच्या तरुणाच्या अंगात साधारण चार लिटर रक्त असतं. आपल्याकडे वजन 45 किलोच्या वर असेल तर 350 मिली घेतात, 55 च्या वर असेल तर 450 मिलीपर्यंत घेता येतं. म्हणजे बारावा हिस्सा म्हणा, दहावा म्हणा. यातला पाण्यासारखा भाग, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, तो एक-दोन दिवसांत भरून येतो. मात्र तुम्ही पाणी प्यायलात तर. त्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच राहून गेलं होतं. रक्त कमी झालेलं, वरून क्रिकेटचा घाम, त्यात पाणी कमी, पोट रिकामं. अशा वेळी उभ्या माणसाच्या डोक्याला रक्त पुरत नाही आणि माणूस खाली बसतो किंवा पडतो. रक्ताची भीती, हिंमत यांचा इथे फार संबंध नाही. गटातला सगळ्यात दणकट तोच होता.

दुसरा भाग लाल पेशींचा. फुप्फुसातला ऑक्सिजन पायापर्यंत नेणारा हमाल म्हणजे लाल पेशी. हे हमाल एका दिवसात भरती होत नाहीत. किडनीतून संदेश जातो, हाडांच्या आतल्या मगजात नव्या पेशी तयार होतात, आणि आकडा पूर्वीसारखा व्हायला चार ते सहा आठवडे, कुणाला त्याहून जास्त लागतात. तोवर चालणं, कॉलेज, दुकान, शेतातली हलकी कामं यांत फरक जाणवत नाही. पण जीव तोडून पळताना जाणवतो. दम लवकर लागतो, वेळ वाढते.

खात्री पटत नसेल तर उलट्या बाजूनं बघा. लान्स आर्मस्ट्राँग हा अमेरिकेचा सायकलपटू, टूर द फ्रान्स ही शर्यत सात वेळा जिंकलेला. ती सगळी विजेतेपदं काढून घेतली गेली आणि जानेवारी 2013 मध्ये त्यानं टीव्हीवर कबूल केलं की तो रक्त वाढवणारं औषध घेत होता आणि रक्त चढवूनही घेत होता. अंगात जादा लाल पेशी घातल्यानं शर्यत सोपी होते म्हणून लोक फसवणूक करतात. मग पिशवीभर काढल्यावर काहीच फरक पडत नाही, असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

आता तुमच्या भाषेत. भरतीत मुलांना 1600 मीटरचे 20 गुण आहेत. पूर्ण गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. म्हणजे 310 सेकंद. वेळ पाच टक्क्यांनी जरी वाढली तरी पंधरा सेकंद गेले. मुलींचं 800 मीटरचंही तसंच. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. मैदानी चाचणी महिन्याभरात असेल तर पुढच्या रविवारी रक्त देऊ नका. चाचणी झाल्यावर या. यात लाजण्यासारखं काही नाही. आणि कुणी तुम्हाला 'घाबरलास का?' म्हणून चिडवलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

ज्यांची चाचणी लांब आहे, त्यांनी ऐका. शनिवारी संध्याकाळी जोरकस सराव नको. हलकं पळा, हातपाय ताणा, घरी जा, नीट झोपा. रविवारी सकाळी मैदान नाही. धावत शिबिराला येऊ नका, सायकल दामटत येऊ नका. नाडी मिनिटाला 60 ते 100 मध्ये हवी असा नियम आहे, धापा टाकत आलात तर बाहेर बसवून ठेवतील. उलट, रोज पळणाऱ्यांची नाडी कधीकधी साठच्या खाली असते. तसं असेल तर आपण पळतो हे तपासणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, निर्णय त्यांचा. पेनकिलर घेतली असेल, जिममध्ये कुणी कसली सुई टोचली असेल, तेही सांगा. लपवू नका. सुईचं तर अजिबात नाही, कारण पलीकडे ते रक्त कुणाच्यातरी बाळाला जाणार आहे.

रिकाम्या पोटी यायचं नाही. चार तासांच्या आत जेवण झालेलं हवं. टेबलावर जायच्या आधी दोन मोठे ग्लास पाणी. झोपल्यावर एक युक्ती करा: पायाची अढी घाला आणि मांड्या, पोटऱ्या आवळा, सोडा, आवळा, सोडा. त्यानं रक्त वर ढकललं जातं आणि चक्कर टळते. बाहेर कुणाला दिसतही नाही.

रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटं तिथेच बसायचं. चहा-बिस्किट हा पाहुणचार नाही, तो उपचाराचा भाग आहे. लगेच मोटारसायकलला किक मारून कारंज्याच्या रस्त्याला लागायचं नाही. कारण चक्कर कधीकधी तासाभरानंही येते. चोवीस तास जोराचा व्यायाम बंद. सुई टोचली त्या हातानं त्या दिवशी वजन उचलायचं नाही, बॉलिंग नाही, डंबेल नाही. जागा काळीनिळी पडते ती बहुतेक वेळा याच हौसेनं.

दुसऱ्या दिवशी चाला. तिसऱ्या दिवशी गप्पा मारता येतील इतक्या वेगानं पळा. आठवडाभर स्टॉपवॉच घरी. तीन आठवड्यांनी वेळ लावून बघा, तोही बरोबरीनं पळणारा सोबती असेल तर. पळताना डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात घुं झालं, तर 'एवढी फेरी पूर्ण करतो' हा बाणा दाखवू नका. तिथेच खाली बसा, डोकं गुडघ्यात घाला, किंवा आडवे व्हा आणि पाय वर करा. उभं राहून सावरायला गेलं की हनुवटी फुटते.

एक गोष्ट मला मैदानाबाहेरची सांगायची आहे. आपल्यातली बरीच मुलं सकाळी पळतात आणि दिवसा हमाली करतात. सोयाबीनचं पोतं पाठीवर घेणं हा व्यायाम नाही का? ट्रकवर जाणारेही आहेत. रक्तपेढ्यांसाठीच्या राष्ट्रीय नियमांतच आहे, की अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांनी आणि लांब पल्ल्याच्या चालकांनी रक्त दिल्यावर पुढची पाळी चोवीस तास तरी लांब असावी. रात्रपाळी करून न झोपता येऊ नये. सोमवारी बाजार समितीत कामावर जायचंच असेल, तर तुमच्यासाठी रविवार दुपार योग्य नाही. सकाळी लवकर या, नाहीतर दुसऱ्या दिवशीची सुट्टी नक्की करून या. एका दिवसाची मजुरी बुडवून रक्त देणारा माणूस मी पाहिलाय. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता.

रोजाचं विचारणार तुम्ही, मला माहीत आहे. रक्त दिल्यानं रोजा तुटतो की नाही, हे मी सांगणार नाही. मी मुफ्ती नाही. पण रक्तपेढीचा नियम वेगळा आहे: उपाशी माणसाचं रक्त घ्यायचं नाही. एकादशी करणाऱ्यालाही तोच नियम. कुणाच्या जिवाचा प्रश्न असेल तर इफ्तारनंतर, जेवून, पाणी पिऊन द्या, आणि त्या रात्री तरावीहला लांब उभं राहायचा हट्ट करू नका. घाई नसेल तर ईदनंतर द्या. इतर दिवसांतही, रक्त दिल्याच्या दिवशी सजद्यातून उठताना सावकाश उठा. गरगरलं तर बसून नमाज पढता येते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता मुलींकडे वळतो. मागच्या बाकावरून कुणीतरी 'हीमोग्लोबिन' म्हणाली, बरोबर. 12.5 च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत. आमच्या गटातली एक मुलगी मोठ्या उत्साहानं गेली आणि परत पाठवली गेली. रडत आली. मी तिला म्हणालो, फुकटात तपासणी झाली, बरं झालं. कारण दोन महिने ती 800 मीटरला शेवटच्या दोनशेत मरगळत होती आणि मी तिला आळशी म्हणत होतो. हेही माझंच. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, चार महिन्यांत ती वेगळीच पळायला लागली. ती काही एकटी नाही. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत 57 टक्के आणि पुरुषांत 25 टक्के रक्तक्षय निघाला. मुलांनो, तुम्हीही त्या पंचवीसात असू शकता.

लोहाचा हिशेब सोपा आहे. एका पिशवीबरोबर दीडशे मिलीग्रॅमहून जास्त लोह जातं. जेवणातून रोज शरीरात मुरतं जेमतेम एक-दोन मिलीग्रॅम, त्यातलंही बरंचसं रोजच्या झिजेत जातं. म्हणून पुरुषांनी तीन महिने आणि बायकांनी चार महिने थांबायचं असा नियम आहे. रोज पळणाऱ्यांनी माझ्या मते वर्षातून दोनदाच द्यावं. कलेजी, मटण घरात होतंच. नसेल परवडत तर मसूर, हरभरा, मेथी, आणि वर लिंबू पिळायचं, त्यानं लोह मुरतं. जेवणाबरोबर चहा बंद करा. आपल्या घरात जेवण संपलं की लगेच चहा येतो, तो तासभर पुढे ढकला. अम्मीला सांगा सरांनी सांगितलं.

शेवटी शिबिराबद्दल आयोजकांना एक विनंती करतो, ते इथेच आहेत. दोनशे बाटल्यांचा आकडा फ्लेक्सवर छान दिसतो. पण साध्या पिशवीतलं रक्त 35 दिवस टिकतं, प्लेटलेट तर पाचच दिवस. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याला आपल्या फ्लेक्सची तारीख माहीत नसते. आमच्या पळणाऱ्या गटानं म्हणून एक वही केली आहे. चोवीस नावं आहेत. कुणाची चाचणी कधी, कुणाची परीक्षा कधी, सोयाबीन काढायला कोण कधी जाणार, हे बघून प्रत्येक महिन्यात दोघं असे वर्षभर वाटून घेतलेत. मे महिन्यातली दोन नावं मिळवायला सगळ्यात त्रास झाला. त्यातलं एक त्या टाके पडलेल्या मुलाचं आहे. त्यानं स्वतः लिहिलं. त्याच्या अम्मींनी अट घातली आहे, की दुसऱ्या दिवशी सकाळी तो मैदानावर आला तर मी त्याला घरी हाकलायचं.

रविवारी मी दाराशी टेबल टाकून बसेन. दोन प्रश्न विचारणार आहे: काय जेवलास, आणि उद्या काय काम आहे? उत्तर नीट आलं तर आत सोडीन.