नवा चालक आणि मोटारीचा विमा



सिडकोने वसविलेल्या नव्या मुंबईतील कामोठे ही वसाहत २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट आहे. तिच्या लगत शीव-पनवेल महामार्ग आहे आणि शेजारच्या कळंबोलीहून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा प्रारंभ होतो. येथे एखाद्या कुटुंबाने पहिलीच मोटार घेतली, की तिचा नवशिका चालक घराबाहेर पडताच अवजड वाहनांच्या ओघात सापडतो. मोटारीच्या किमतीची तजवीज करताना मेटाकुटीस आलेल्या या कुटुंबाला विमा स्वस्तात हवा असतो. ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र स्वस्त विमा आणि अपुरा विमा यांतील भेद जाणणे अगत्याचे आहे.

मोटारीच्या विम्याचे मुख्य भाग दोन. पहिला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा. तो देशात १ जुलै १९४६ पासून सक्तीचा आहे. आज १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ त्यास लागू आहे. पायी जाणारा मजूर किंवा शाळेतून परतणारे मूल अपघातात सापडल्यास न्यायाधिकरणाने ठरविलेली भरपाई या विम्यातून मिळते. विमा नसेल, तर तो बोजा मालकाच्या घरादारावर येतो. मालक निर्धन असेल, तर पीडित कुटुंबाचे हात रिकामेच राहतात. विम्यावाचून वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास दोन हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या भागाचे दर शासन ठरविते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खाजगी मोटारीचा वार्षिक हप्ता, कर वगळून, १००० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास २,०९४ रुपये आणि त्यापुढे १५०० पर्यंत ३,४१६ रुपये असा ठरला. नव्या मोटारीस २०१८ पासून हा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये नवशिक्या तरुणास जबर हप्ता भरावा लागतो. येथील त्रयस्थ विम्याच्या दरात मात्र चालक नवा की जुना, असा भेद नाही.

दुसरा भाग स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा. त्याचे दर १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. म्हणून बचतीस खरा वाव येथेच आहे. तीन-चार कंपन्यांचे दर, समान अटींवर, ताडून पाहावेत. हप्ता घटविण्यासाठी मोटारीची किंमत कमी दाखविणे मात्र आत्मघातकी ठरते. मोटार चोरीस गेल्यास भरपाईही तितकीच कमी मिळते. खाडीलगतच्या भागात आणखी एक दक्षता हवी. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली मोटार पुन्हा सुरू केल्याने इंजिन बिघडले, तर साध्या विमापत्रात त्याची भरपाई सहसा मिळत नाही. त्यासाठी जादा संरक्षण घ्यावे लागते.

दावा न केल्याची सवलत ही सर्वांत मोठी बचत होय. पहिल्या निर्वेध वर्षानंतर २० टक्के आणि सलग पाच वर्षांनंतर ५० टक्के सूट या दुसऱ्या भागाच्या हप्त्यात मिळते. यास्तव किरकोळ ओरखड्याचा खर्च पदरचा करणे पुष्कळदा किफायतशीर ठरते. ही सवलत मोटारीची नसून मालकाची असते. जुनी मोटार घेणाऱ्यास ती आयती मिळत नाही. मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास ती बुडते.

सर्वांत महत्त्वाचा परवाना. शिकाऊ परवानाधारकाने पक्का परवाना असलेला शिक्षक शेजारी बसवूनच, 'एल' हे चिन्ह लावून मोटार चालविली पाहिजे. हा नियम मोडल्यास स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो आणि त्रयस्थास दिलेली भरपाई कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. मग स्वस्तात घेतलेला विमा सर्वांत महाग पडतो.

शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे जरी समजावून दिले, तरी अनेक कुटुंबे संकटातून वाचतील. हप्ता कमी करण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जपून चालविलेली मोटार. आणि त्या मार्गाने पैशाबरोबर माणसाचा जीवही वाचतो.