पोटरीची हवेची पट्टी



जळकोटहून आपण खुब्याच्या ऑपरेशनला लातूर-नांदेड गाठतो.
तिथं पेशंटच्या पोटऱ्यांना नळीवाल्या पट्ट्या बांधलेल्या दिसतात.
मशीन त्यांत हवा भरतं…
पोटरी आवळते.
हवा सुटते…
पोटरी सैल होते.

पडून राहिलं, की पायात रक्त साकळतं.
त्याची गुठळी होते.
ती फुप्फुसात गेली, तर जिवावर बेततं.
ही पट्टी रक्त वर ढकलत राहते.

रात्री मशीन घुरघुरतं.
पेशंट वैतागतो, अन् नातेवाईक हळूच पट्टी सोडतात.
सोडू नका!
आधी सिस्टरला विचारा.
डॉक्टरांनी दिलेली गोळी-इंजेक्शनंही चुकवू नका.

पुन्हा सांगते, मनानं पट्टी सोडू नका.

आणि एकच पोटरी सुजली, दुखली,
तर तेल लावून चोळू नका.
गुठळी सुटू शकते.
अचानक दम लागला, तर क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवा.