दुकानात वाढणारी मुलं

आज पामर्स्टन नॉर्थमधून बोलायचंय ते घरच्या धंद्यात हात लावणाऱ्या मुलांविषयी.

आपल्याकडे डेअरी म्हटलं की दूध आठवतं. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. न्यूझीलंडमध्ये अशी कितीतरी दुकानं आणि त्याआधी फळभाजीची दुकानं भारतीयांनी, विशेषतः गुजराती कुटुंबांनी, चालवली. शाळा सुटली की मुलंही हाताखाली असायची.

मूल तिथे काय शिकतं? पहिलं म्हणजे, गल्ला आणि नफा एक नव्हे. 115 डॉलरची विक्री झाली, की त्यातले 15 जीएसटीचे. मग माल, भाडं, वीज. उरेल ते आपलं. हे एकदा वहीत दाखवलं, की खेळण्याचा हट्ट आपोआप कमी होतो. दुसरं म्हणजे जिभेवर ताबा. गिऱ्हाईक चिडलं तरी आई कशी बोलते, हे मूल बघत असतं. उपदेशाची गरज पडत नाही.

पण एक धोका आहे. ‘दुकान आपलंच आहे’ असं म्हणत आपण मुलाचा वेळ गृहीत धरतो. परक्या मालकाला ते नाही म्हणू शकेल, आईबाबांना कसं म्हणणार? इथला कायदा सांगतो, सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री दहा ते सकाळी सहा आणि शाळेच्या वेळात कामाला लावायचं नाही. पंधराखालच्यांना अपाय होईल असं ओझं उचलायला लावायचं नाही. घरचं दुकान असलं तरी शहाणपण तेच.

भास्कर गणेश चितळे यांनी 1939 मध्ये भिलवडीला दुधाचा धंदा सुरू केला. 1950 मध्ये त्यांच्या मुलांनी पुण्यात चितळे बंधू उभं केलं. त्यांच्या ‘एक ते चार बंद’ची आपण खूप थट्टा केली. पण दुकान बंद करण्याचीही वेळ असते, हे मुलांना कळायला हवंच की!

तेव्हा कामाचे तास ठरवा. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी द्या. मेहनतीचे पैसे त्यांच्या नावावर टाका. आणि पुढे मुलगी म्हणाली, ‘बाबा, मला दुकान नाही चालवायचं,’ तर वाईट वाटून घेऊ नका. हिशेब आणि माणसं ओळखणं ती सोबत नेणारच आहे.