पाणी आधी कुणाला गाठतं?

(रनाळे, ता. नंदुरबार येथे तरुणांपुढे केलेलं भाषण)



रनाळ्यात उभं राहून शहराच्या गटारांवर काय बोलायचं, असं वाटेल. पण आपल्या शिवारातलं पाणी तापीत जातं, तापी सुरतेला जाते आणि पोटासाठी आपली पोरंही तिकडंच उतरतात. सुरत बुडाली की आपलं माणूस बुडतं.

ऑगस्ट 2006. तापीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला. उकाई धरण आधीच बरंच भरलेलं. दारं उघडली, नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं. शहरातलं पात्र गाळानं उथळ, काठ बांधकामांनी आवळलेले. सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला.

निसर्गाचा कोप म्हणून सगळे मोकळे झाले. कसला कोप? वीज आणि कालवा म्हणतात धरण भरा, पूर म्हणतो जागा ठेवा. कुठल्या तारखेला किती जागा ठेवायची हे माणूस ठरवतो. पूर, सिंचन, वीज यांचा एकत्र विचार बाबासाहेबांनी मजूर खातं सांभाळताना, 1945 साली कटकच्या परिषदेत मांडला होता. आपण पुतळ्याला हार घातले, नद्यांवरचे बाबासाहेब वाचलेच नाहीत.

आता तर हवा तापतेय. एक अंशाला सुमारे 7 टक्के जास्त बाष्प ती धरते, आणि ओतते तेव्हा एकदम ओतते. मुंबईची जुनी गटारं तासाला 25 मिलीमीटर पावसाच्या हिशोबाची. ती क्षमता दुप्पट करा, असा अहवाल 1993 साली आला आणि पडून राहिला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलीमीटर पडला, तेव्हा फाईल हलली. साली फाईलसुद्धा मढी मोजूनच हलते!

सुरतेनं पुढं धरण आणि महापालिका यांच्यात पूर्वसूचनेची यंत्रणा उभारली. चांगलं केलं. पण ती सूचना लूमच्या खडखडाटात बारा तास उभ्या असलेल्या पोराला ऐकू जाते का? भाड्याच्या खोलीत दहाजण झोपतात, त्यांची नावं कुठल्या यादीत? आणि पाणी ओसरल्यावर तुंबलेलं गटार कोण उपसतं? साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी हाक आपल्याच वस्तीत येते.

म्हणून सुरतेत गेलेल्या भावाला आजच फोन करा. पावसाळ्याआधी दहा-वीस जणांनी मिळून वॉर्ड ऑफिसात जायचं. आमच्या गल्लीत पाणी किती चढतं, निवारा कुठं, सूचना मराठीत का नाही, भरपाईच्या यादीत भाडेकरू आहे की नाही? उत्तर लेखी घ्यायचं, सही-शिक्क्यासकट.