एक पट्टी, अनेक चौकटी



सरांच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहे. मी मराठीचा प्राध्यापक. उभे आयुष्य ओव्या, बखरी आणि शब्दांची व्युत्पत्ती यांत गेले. अशा माणसाने आलेखांवर बोलावे, याचे आपल्याला नवल वाटेल. परंतु सर गणित शिकवीत असत, आणि त्यांच्याकडून मिळालेला एक धडा मला फार उशिरा, आणि तोही एक चूक करून झाल्यावर कळला. तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

मी मूळचा धारचा. वडिलांच्या बदलीमुळे दोन वर्षे देवासला या शाळेत होतो. आलेखाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात ‘प्रमाण’ लिहावयाचे असते, हे सर्वांना ठाऊक आहे. एक सेंटिमीटर म्हणजे किती, एवढेच ते असते. मी एकदा सुबक आलेख काढला आणि प्रमाण लिहावयाचे विसरलो. सरांनी शून्य गुण दिले. मी कुरकुरलो तेव्हा ते म्हणाले, “रेघ सुंदर आहे. पण ती काय म्हणते ते तिलाच ठाऊक!”

एका आलेखाच्या बाबतीत ही गोष्ट सोपी आहे. शेजारी शेजारी अनेक आलेख मांडले, प्रत्येक गावाची किंवा प्रत्येक वर्षाची एक चौकट केली, की खरी कसोटी लागते. प्रत्येक चौकटीतील उभ्या अक्षाची सुरुवात आणि शेवट कोणी ठरवावयाचा? सर्व चौकटींना एकच पट्टी लावावी, की ज्याची त्याला? प्रश्न तांत्रिक वाटतो, पण पाहणाऱ्याचे मत बहुधा येथेच ठरून जाते.

देवासकरांना दोन चौकटी समजावून सांगण्याची गरज नाही. १७२८ साली तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी येथे राज्य स्थापले आणि पुढे एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने नांदली. गाव एक, गादी दोन. १९०१ च्या जनगणनेत थोरल्या पातीची लोकसंख्या सुमारे ६२ हजार आणि धाकट्या पातीची सुमारे ५५ हजार भरली. आता या दोन आकड्यांचे दोन स्तंभ काढा. प्रत्येकाची चौकट त्याच्याच आकड्याच्या मापाने केली, तर दोन्ही स्तंभ सारख्याच उंचीचे दिसतील आणि धाकटी पाती खूष होईल. दोघांना एकच पट्टी लावली, पण ती शून्यापासून न धरता ५० हजारांपासून धरली, तर थोरल्या पातीचा स्तंभ धाकट्या पातीच्या जवळजवळ अडीचपट उंच होईल आणि थोरली पाती खूष होईल. पट्टी एकच आणि तीही शून्यापासून धरली, तर थोरली पाती थोडीशी मोठी दिसेल. आणि ती होतीही तेवढीच. तिन्ही वेळा आकडे तेच आहेत. एकही खोटा नाही.

दुसरे उदाहरण अलीकडचे घेऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत इंदूर जिल्ह्याची लोकसंख्या २४.६६ लाखांवरून ३२.७७ लाखांवर गेली. धार जिल्ह्याची १७.४० लाखांवरून २१.८६ लाखांवर, आणि देवास जिल्ह्याची १३.०८ लाखांवरून १५.६४ लाखांवर. तीन चौकटी करा, प्रत्येकीत दोन टिंबे आणि त्यांना जोडणारी एक रेघ. चौकटींच्या मर्यादा ज्याच्या त्याच्या आकड्यांवरून ठरू दिल्या, म्हणजे लहान आकडा तळाशी आणि मोठा आकडा माथ्याशी, तर काय होईल? तिन्ही रेघा डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजव्या वरच्या कोपऱ्यात जातील. तिन्ही चित्रे तंतोतंत एक! इंदुरात आठ लाखांहून अधिक माणसे वाढली आणि देवासात अडीच लाखांच्या आसपास, हा सगळा फरक नाहीसा होतो. अक्षावरील बारीक आकडे जो वाचील त्यालाच तो सापडेल, आणि घाईत असलेला मनुष्य रेघ पाहतो, आकडे वाचीत नाही.

अशा चौकटींच्या आलेखांचा शास्त्रशुद्ध विचार अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील विल्यम क्लीव्हलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडला. त्याच विचारावर आपल्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे दीपायन सरकार यांनी संगणकावरील ‘आर’ या भाषेसाठी ‘लॅटिस’ नावाची साधने तयार केली आणि २००८ साली त्यांवर ग्रंथ लिहिला. या पद्धतीत अक्षांच्या मर्यादा तीन प्रकारे ठरविता येतात. पहिला प्रकार समान पट्टीचा: सर्व चौकटींतील आकडे एकत्र पाहून एकच मर्यादा ठरते. काही सांगितले नाही, तर यंत्र हाच प्रकार धरते. दुसरा मोकळ्या पट्टीचा, ज्याची त्याला. तिसरा प्रकार मला सर्वांत मार्मिक वाटतो. त्यात प्रत्येक चौकटीची सुरुवात वेगळी असू शकते, पण एका लाखाला द्यावयाची उंची सर्वत्र तीच राहते. आपले तीन जिल्हे या तिसऱ्या प्रकाराने मांडले, तर कोण किती मोठा हे चित्रातून कळणार नाही. मात्र कोण कितीने वाढला हे एका दृष्टिक्षेपात कळेल. आणि शेकडा वाढ पाहावयाची असेल, तर लघुगणकी पट्टी घ्यावी. तिच्यावर समान उंची म्हणजे समान पट. इंदूरची वाढ शेकडा ३३, धारची सुमारे २६ आणि देवासची सुमारे २० आहे, हे तेथे रेघांच्या चढावरूनच दिसेल.

मराठीचा माणूस म्हणून मला येथे ‘पट्टी’ या शब्दाचे कौतुक वाटते. आपण मोजतो तीही पट्टी आणि गवई ज्या स्वराला षड्ज धरतो तीही पट्टी. या देवासात १९४८ पासून अखेरपर्यंत कुमार गंधर्व राहिले, तेव्हा हे मी आपल्याला सांगावे असे नाही. एक गवई काळी एकमध्ये गातो, दुसरी गायिका काळी चारमध्ये गाते, तरी यमन तो यमनच. रागाचे रूप पाहावयाचे असते तेव्हा ज्याची त्याची पट्टी मोकळी ठेवणेच योग्य. पण कोणाचा आवाज किती उंच जातो, हे ठरवावयाचे असेल, तर दोघांना एकाच पेटीवर आणावे लागेल. आलेखाचेही तसेच आहे. ‘कसे’ हा प्रश्न असेल तर पट्टी मोकळी, ‘किती’ हा प्रश्न असेल तर पट्टी समान. म्हणून पट्टी निवडण्यापूर्वी प्रश्न निवडावा लागतो.

एवढे ऐकून आपण म्हणाल, मग सर्वत्र समान पट्टी लावावी, म्हणजे वाद नको. मीही एके काळी असेच समजत होतो. त्याची हकीकत सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मराठी वाचनालयांना साहाय्य देणाऱ्या एका समितीवर मी सभासद होतो. गावोगावच्या वाचकांची वर्षवार संख्या एका मोठ्या तक्त्यावर चौकटी पाडून मांडली होती. एक शहर फार मोठे, बाकीची गावे लहान. सर्वांना एकच पट्टी लावलेली होती, आणि ती अर्थातच मोठ्या शहराच्या मापाची. त्या शहराची रेघ डौलाने वरखाली होत होती; लहान गावांच्या रेघा तळाला चिकटून, सरळ, निपचित पडल्यासारख्या. एका गावाच्या चौकटीवर बोट ठेवून कोणीतरी म्हणाले, “येथे काहीच हालचाल दिसत नाही.” सर्वांनी मान डोलावली. मीही डोलावली आणि सही केली. त्या वाचनालयाचे साहाय्य थांबले.

पुढे कधीतरी जुने कागद आवरताना मूळ आकडे हाती लागले. त्या गावचे वाचक त्याच काळात दुपटीहून अधिक झाले होते. शहराच्या पट्टीवर ती दुप्पट म्हणजे केसभर उंची, म्हणून ती आम्हांला दिसली नाही. मी त्या गावी गेलो तेव्हा वाचनालयाच्या दाराला कुलूप होते. ज्या गृहस्थांनी ते चालविले होते, त्यांनी मला चहा दिला आणि तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. माझ्याकडून मात्र त्यांना काही सांगवले नाही. मी स्वतः धारसारख्या लहान गावचा. मोठ्या शहराच्या पट्टीवर लहान गाव कसे दिसते, हे मला इतरांपेक्षा अधिक कळावयास हवे होते. त्या तक्त्याशेजारी मोकळ्या पट्टीचा दुसरा तक्ता मागण्यास दहा मिनिटे पुरली असती. यंत्राचा दोष नव्हता. यंत्राने नेमून दिल्याप्रमाणे केले होते. विचारावयाचे काम आमचे होते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कार्यालयांत, बँकांत, रुग्णालयांत अहवाल वाचतात आणि लिहितात. त्यांच्याजवळ माझे चार शब्द मागणे आहे. चौकटींचा आलेख पुढे आला की प्रथम रेघा पाहू नका; प्रत्येक चौकटीच्या अक्षाचा पहिला आणि शेवटचा आकडा पाहा. मर्यादा वेगवेगळ्या असतील आणि तसे कोठे लिहिलेले नसेल, तर विचारा. स्तंभ असतील, तर ते शून्यापासून निघाले आहेत का, हे पाहा. एक चौकट अवाढव्य असेल, तर तिला वेगळी काढा, म्हणजे बाकीच्यांना श्वास घेता येईल. मर्यादा स्वतः आखावयाची असेल, तर सावध राहा. काही साधनांत मर्यादेबाहेरची टिंबे चित्रातून गळून पडतात, आणि ज्याने केवळ चित्र पाहिले त्याला ती कधी होती हेही कळत नाही. दरसाल निघणाऱ्या अहवालात पट्टी दरसाल बदलू नका, नाहीतर यंदाची घसरण गेल्या वर्षीच्या भरभराटीसारखी दिसेल. आणि निर्णय माणसांच्या भवितव्याचा असेल, तर एका पट्टीवर भागवू नका. ‘किती’चे चित्र आणि ‘कसे’चे चित्र, दोन्ही शेजारी ठेवून मगच सही करा.

सरांनी मला दिलेल्या शून्याचा अर्थ त्या बंद दारापुढे उभा असताना मला कळला. कोपऱ्यातले प्रमाण ही परीक्षेची औपचारिकता असते असे मी समजत होतो. वस्तुतः ते रेघ काढणाऱ्याने पाहणाऱ्याला दिलेले वचन असते. आज या शाळेतील मुले संगणकावर क्षणात वीस चौकटी काढतील. कोपऱ्यात प्रमाण लिहिण्याची सवय त्यांनी सोडू नये, एवढीच सरांच्या स्मृतीला साक्ष ठेवून मी इच्छा व्यक्त करतो.