नवी योजना कामगारांना सांगताना

(नभोवाणीवरील भाषण)

उज्जैनहून देवासकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नरवरजवळ, विक्रम उद्योगपुरी ही नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. तेथे काय किंवा अन्यत्र काय, प्रत्येक कारखान्यात केव्हा ना केव्हा असा दिवस उगवतो की, चालकांनी आखलेली योजना कामगारांना समजावून सांगावी लागते. सभा भरते, व्यवस्थापक उभे राहतात आणि संचालक मंडळापुढे वाचलेले टिपणच पुन्हा वाचतात. आधी भांडवल, मग यंत्रसामग्री, मग उत्पादन, मग बाजारपेठ. आणि अगदी शेवटी, चहा येण्याच्या बेताला, कामगारांविषयी दोन वाक्ये. टिपणात खोटे काही नसते. क्रम तेवढा उलटा असतो. ज्याने पैसा गुंतवला त्याला आधी पैशाचा प्रश्न पडतो. ज्याचे हात गुंतले आहेत तो आधी विचारतो, उद्या माझे काम राहणार की नाही?

ही शंका अडाणीपणाची नव्हे. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप चालला. त्याच्या अनेक कारणांपैकी एक होते, विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत ही नवी पद्धत. चालकांच्या भाषेत ती कार्यक्षमता होती. विणकराचा हिशेब सरळ होता : सहा मागांवर आज तिघे जण आहेत, उद्या दोघे पुरतील, मग तिसरा कोण? हा हिशेब करायला शाळा लागत नाही, आणि तो मनात एकदा सुरू झाला की वक्त्याचे पुढचे एकही वाक्य कानात शिरत नाही. म्हणून नोकऱ्यांविषयीचे विधान अगदी आरंभी यावे. कपात नसेल तर तसे स्वच्छ सांगावे. असेल तर किती जणांची, केव्हा आणि त्यांना काय मिळणार, तेही सांगावे. जे अद्याप ठरलेले नाही ते ठरलेले नाही म्हणावे व केव्हा ठरेल ती तारीख द्यावी.

उज्जैनमध्ये तर हे अधिकच अगत्याचे आहे. हे एके काळी कापडगिरण्यांचे गाव होते. नजरअली मिल, हिरा मिल, विनोद मिल ही नावे अजून लोकांच्या तोंडी आहेत. भोंगे मात्र थांबले आहेत. विनोद मिल १९९६ साली बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात राहिला. ज्या तरुणाने वडिलांना त्या कागदांची पिशवी घेऊन हिंडताना पाहिले असेल, त्याला ‘पुनर्रचना’ हा शब्द कितीही गोड आवाजात ऐकवला तरी निराळाच ऐकू येणार.

दुसरी गोष्ट आकड्यांची. येथील वेधशाळेत सवाई जयसिंहांचे सम्राट यंत्र आहे. त्याची सावली वेळ दाखवते ती उज्जैनची स्थानिक वेळ. मनगटावरचे घड्याळ चालते ते ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेने. दोहोंत सरासरी २७ मिनिटांचे अंतर पडते. कोणत्या दिवशी किती मिनिटे मिळवावीत याचा तक्ता तेथे लावलेला असतो. तो नसता तर पाहणाऱ्याने यंत्रच चुकीचे ठरवले असते. योजनेतील आकड्यांनाही असा तक्ता हवा. ‘उत्पादन इतके टक्के वाढेल’ ही चालकांची वेळ झाली. कामगाराच्या वेळेत त्याचे रूपांतर करायचे तर पाळीला किती नग अधिक, रात्रपाळी किती आठवड्यांनी, सुटीचा वार कोणता, आणि बोनस वाढणार असेल तर रुपये किती, हे सांगावे लागेल. पडद्यावर रंगीत आलेख दाखवण्याची हौस हल्ली फार वाढली आहे. माझ्या मते एका खात्याचे, एका पाळीचे, एकच उदाहरण फळ्यावर खडूने सोडवून दाखवले तर ते अधिक पटते.

भाषेचा प्रश्नही आहेच. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे बंधन घातले होते की, कामाचे नियम इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लिहून, ते ज्या दरवाजाने आत येतात त्याच्याजवळच्या फलकावर लावावेत. कायदे पुढे बदलले, पण दरवाजाची ती अट मला फार शहाणपणाची वाटते. कचेरीतल्या भिंतीवरचा कागद कामगारासाठी नसतोच. आपल्याकडे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली, ती मुळात कारखान्याच्या घडामोडी कळवण्यासाठीच. पुढे तिचे घरोघर वाचले जाणारे मासिक झाले. कारखान्याची हकीकत चारचौघांच्या भाषेत सांगता येते, याचा याहून चांगला दाखला मराठीत कोणता?

सभेच्या आदल्या दिवशी सर्व मुकादमांना व पर्यवेक्षकांना योजना पूर्ण समजावून द्यावी, त्यांच्या शंका आधी फेडाव्यात. सभेत हात वर करणारे थोडेच. बाकीचे पाळी सुटल्यावर, सायकल काढता काढता, आपल्या मुकादमालाच विचारणार आहेत, ‘साहेब काय म्हणाले ते नेमके सांगा हो.’